किती टक्के, किती क्विंटल, किती हिमोग्लोबिन: हे विचारणं मी सोडलं. चुकतेय का?

वहीवाली (तालुका चिमूर)

मागच्या आठवड्यात दहावीचा निकाल लागला. मुलाला ६१ टक्के मिळाले. त्या दिवशी सकाळपासून फोन वाजत होता आणि प्रत्येकाचा पहिला शब्द "किती?" आकडा सांगितला की पलीकडे थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग "बरं बरं, तब्येत सांभाळून केलं ना त्यानं" असं येतं. हा थांबा माझ्या ओळखीचा आहे. दवाखान्यातून परत आलो की लोक विचारतात, "रक्त किती निघालं?" आठ सांगितलं की तोच थांबा.

मुलाला सिकलसेल आहे, म्हणजे आई-बाबांकडून येणारा रक्ताचा आजार. त्याचा एसएस पॅटर्न, दोघांकडूनही दोष आलेला. मी आणि त्याचे बाबा दोघंही एएस, म्हणजे वाहक. लग्नाआधी आमची तपासणी झाली नव्हती, असं काही असतं हेच माहीत नव्हतं. दोघं वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता. थोरली लेक सुटली, हा सापडला. दीड वर्षाचा असताना हातापायाची बोटं सुजली आणि तो रात्रभर रडला, तेव्हापासून आमच्या घरात हा शब्द आला.

माझी वही तेव्हाची. दवाखान्यातल्या एका सिस्टरनी सांगितलं होतं, "बाई, तारीख, गोळी, ताप, दुखणं, एवढं लिहून ठेवत जा." चार रकाने आखले. पण रात्री तो झोपल्यावर हातात पेन असायचा आणि चार रकान्यांत दिवस मावायचा नाही. मग डब्यात काय उरलं, कोणाशी भांडला, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत मी बांधीत असताना त्यानं स्वतःच स्वतःचं अंग कसं शेकलं, असं सगळं लिहू लागले. आता नववी वही सुरू आहे. निकालाच्या दिवशी भाऊजी म्हणाले, "वहिनी, एवढ्या वह्या भरल्या, छापून येणार आहे का काही? आणि आजार तरी गेला का त्याचा?" वाईट मनानं नाही म्हणाले. पण मला उत्तर सुचलं नाही. ते इथे लिहितेय.

तो नववीत असताना जूनपासून दिवाळीपर्यंत चार वेळा त्याला कळा आल्या. दोनदा भरती. डॉक्टरांनी विचारलं, थंडीत गेला का, ताप होता का, खूप खेळला का. काहीच नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी वह्या काढून बसले. रकान्यांत काही सापडलं नाही. रकान्यांच्या खाली सापडलं: "बाटली भरलेलीच परत आली." आठवड्यातून तीन-तीन वेळा. मी ते उगाच लिहिलं होतं, बाटली घासताना डोक्यात आलं म्हणून. त्याला विचारलं तर आधी बोलेना. मग सांगितलं, शाळेतल्या संडासाला कडी नाही, आत पाणी नसतं, पोरं बाहेरून दार ओढतात. म्हणून तो दिवसभर पाणीच प्यायचा नाही. या आजारात लघवी जास्त लागते आणि पाणी कमी पडलं की कळा येतात. लेकरू लाजेपायी सुकत होतं आणि आम्ही त्याचं हिमोग्लोबिन विचारत होतो.

शाळेला लागून एक घर आहे. तिथल्या काकूंना विचारलं, मधल्या सुट्टीत येऊ द्या त्याला. त्यांनी हो म्हटलं. तेव्हापासून दहावीच्या परीक्षेपर्यंत एकदाच भरती करावं लागलं.

माझं म्हणणं एवढंच. लिहिणं असो, लेकरू वाढवणं असो, की न जाणारा आजार असो, शेवटी काय हाती लागलं यावर नजर ठेवून बसलं की रोजचं दिसत नाही. आणि जे करण्यासारखं असतं ते रोजच्यातच असतं.

सोळाशे_मीटर (आर्णी)

ताई, तुमच्या लेकराले चांगलं वाटो, मनापासून म्हणतो. पण "निकालाचं सोडा, रोजचं पाहा" हे ऐकलं की माझ्या अंगाची आग होते.

सहा वर्षं पोलीस भरतीची तयारी केली म्या. पहाटे चारले उठून डांबरी रोडवर १६०० मीटर, मंग १०० मीटर, मंग गोळा. मैदानीचे ५० अन लेखीचे १०० मार्क. रोजचं म्हणता ना, माह्यं रोजचं एकदम चोख होतं. एक दिवस खाडा नाही, पावसाळ्यातही नाही. तिसऱ्या भरतीत दोन मार्कानं राहिलो. आता वय निघून गेलं. घरचे म्हणतात, पळाला त तब्येत बनली. तब्येत घेऊन काय करू? लग्नाच्या बैठकीत कोणी विचारत नाही का पोट्टा किती पळाला. विचारते, लागला का नाही.

प्रयत्न महत्त्वाचा असं सांगणारे मले आजवर जेवढे भेटले ते सारे पगारवाले. ज्याच्या घरात निकाल येऊन बसला आहे त्याले रस्त्याचं कौतुक करता येते.

पांढरं_सोनं (कळंब)

सोळाशे मीटरवाल्या भाऊचं खरं आहे, अन ताईचंही. म्या माह्यं सांगतो.

साडेचार एकर कोरडवाहू. मागच्या साली पऱ्हाटीले निंदण, डवरण, फवारा, खत, सारं येळेवर केलं. वावर असं साफ होतं का रस्त्यानं जाणारा थांबून पाहे. वेचणीच्या तोंडावर पाणी लागलं अन बोंडं झाडालेच सडली. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता म्हणतात. माह्या पिवळ्या कवडी कापसाले तो कोण देते? सोसायटीनं वावर किती साफ होतं हे नाही विचारलं. कर्ज भरलं का, एवढंच विचारलं.

म्हणून निकाल सोडता येत नाही. पोट त्यावरच आहे. पण एक गोष्ट आमच्या यवतमाळात लय लोकायनं समजून घ्यायले पाहिजे. पीक गेलं म्हणजे माणूस नापास झाला, असं घरातले अन गावातले धरतात, अन मंग तो माणूसही तसंच धरतो. त्याचं काय होते हे या जिल्ह्याले सांगायची गरज नाही. आमच्या घरी बायकोनं त्या दिवशी "किती झाला" हे नाही विचारलं. "जेवून घ्या" म्हणाली. ते म्या विसरलो नाही.

प्रयोगशाळेतली (गडचिरोली)

मी ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासते. वहीवाली ताई, पाण्याच्या बाटलीचं वाचून डोळे भरले. तरीही तुमच्या मताशी मी पूर्णपणे असहमत आहे आणि ते स्पष्ट लिहिते, कारण हा धागा दुसऱ्या एखाद्या सिकलसेलच्या आईनं वाचला आणि "आकडे विचारायचे नाहीत" एवढंच घेऊन ती गेली तर तिच्या लेकराचं नुकसान होईल.

तुमच्या मुलाला हायड्रॉक्सियुरियाची गोळी सुरू असेल. ती गोळी कळा कमी करते, पण तिच्यामुळे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येऊ शकतात. म्हणून ठरावीक दिवसांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावीच लागते. गोळी रोज वेळेवर देणारी, लेकराला जिवापाड जपणारी आई, पण सीबीसी चुकवणारी, अशी माणसं मी पाहिली आहेत. रोजचं सगळं बरोबर होतं आणि तरी धोका वाढत होता. तो कागदावरच दिसतो, चेहऱ्यावर दिसत नाही.

दुसरं. दहावीपूर्वी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं होतं का? २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात सिकलसेल आहे. प्रमाणपत्र असलं की बोर्डाच्या परीक्षेत तासामागे २० मिनिटं जास्त मिळू शकतात. कदाचित ६१ चे जास्त झाले असते. टक्क्यांकडे पाठ फिरवली की हे हक्कही पाठीमागे राहतात.

तिसरं, आणि हे विचारताना मला बरं वाटत नाही. दिवाळीनंतर कळा कमी झाल्या म्हणता. त्याच काळात गोळीचा डोस वाढवला होता का?

वहीवाली

ताई, वाढवला होता. जानेवारीत. त्याचं वजन वाढलं म्हणून डॉक्टरांनी डोस बदलला. वहीत तेही आहे. मी इथे लिहिलं नाही, कारण बाटलीचं सापडलं याचा आनंद इतका मोठा होता की डोस माझ्या डोक्यातून मागे पडला. तुम्ही विचारलंत ते योग्यच. बाटलीनं किती झालं आणि गोळीनं किती, हे मला सांगता येणार नाही.

सीबीसी आम्ही चुकवत नाही. प्रमाणपत्र काढलं नाही, ती माझी चूक. एकदा जिल्ह्याला गेलो होतो, त्या दिवशी काम झालं नाही, परत जायचं राहून गेलं.

पण "आकडे विचारायचे नाहीत" असं मी म्हटलेलं नाही. डॉक्टरांनी आकडा विचारावा, तुम्ही विचारावा, तुम्ही त्याचं काहीतरी करता. नातेवाईक जो आकडा विचारतात त्याचं ते काय करतात? आणि मी आई म्हणून रोज सकाळी त्याच्या डोळ्यांचा पिवळेपणा पाहत होते, तेव्हा तो काय म्हणाला माहीत आहे? तेव्हा सातवीत होता. "आई, तू आधी माझे डोळे पाहते, मग मला." त्या दिवसापासून मी शिकतेय. आधी त्याच्याकडे पाहायचं. डोळे मग दिसतातच.

झाडीचा_माणूस (लाखांदूर)

सेवानिवृत्त शिक्षक आहे, झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाकडच्या, नाटकांसाठी गाणी आणि प्रवेश लिहिले आहेत. आजार आणि लेकरू यावर बाईंना जास्त कळतं, तिथं मी बोलत नाही. लिहिण्यावर मात्र बोलतो.

लिहिण्याच्या आनंदासाठी लिहावं, फळ काय मिळतं ते पाहू नये, हे मी नवोदितांच्या तोंडून फार ऐकतो आणि त्यामुळे आपल्याकडे कच्चं लिखाण फार झालं आहे. दिवाळी सरली की आमच्याकडे मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू होतात आणि गावोगावी रात्रभर नाटकं उभी राहतात. तिथं लेखकाला तालमीतला आनंद कोणी विचारत नाही. रात्री दोन वाजता थंडीत तणसावर बसलेली बाई पोर मांडीवर घेऊन पुढचा अंक पाहायला थांबते की घरी जाते, तो लेखकाचा निकाल. एका गावात माझ्या प्रवेशाला माणसं चहाला उठली. मी तो प्रवेश परत लिहिला, पाच वेळा. लोक उठले नसते तर मी तो आयुष्यभर चांगला समजत राहिलो असतो. वडशाच्या नाटकवाल्या मंडळींनी मला जे शिकवलं ते हेच.

बाई, तुमच्या वह्यांत "बाटली भरलेलीच परत आली" असं वाक्य आहे. हे चार शब्द लिहिणारी बाई लेखक आहे. पण वाचणारा मिळेपर्यंत अशी वाक्यं पेटीत ठेवलेली बियाणी आहेत. भाऊजींचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. छापा.

धामकाठी (पवनार)

गुरुजी, मान ठेवून विरोध करतो.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलत होते. साने गुरुजी तिथंच कैदेत होते, त्यांनी ते उतरवून घेतलं. बोलणाऱ्यासमोर पुस्तक नव्हतं, समोर बसलेली माणसं होती. पुढं त्या बोलण्याचं पुस्तक झालं आणि कितीतरी भाषांत गेलं. पुस्तक करायचं म्हणून बोलले असते तर ते असं उतरलं असतं का, मला शंका आहे. त्यात फलत्यागाबद्दल त्यांनी जे सांगितलं ते सोळाशे मीटरवाल्या भावालाही सांगावंसं वाटतं: फळ सोडायचं म्हणजे काम ढिलं करायचं असं नाही. फळाकडे डोळा असणाऱ्याचं निम्मं लक्ष फळात जातं, म्हणून फळ सोडणाऱ्याचं काम उलट जास्त नेटकं व्हायला हवं.

आणि आजाराबद्दल. आमच्या शेजारी सेवाग्रामात गांधीजींनी परचुरेशास्त्रींना आपल्या कुटीजवळ झोपडी दिली, त्यांच्या अंगाला स्वतः मालिश केली. शास्त्रीबुवांना महारोग होता. तेव्हा त्यावर खात्रीचा इलाज नव्हता, आणि मालिशनं रोग जाणार नाही हे करणाऱ्याला माहीत होतं. तरी ते रोज केलं. तिथं निकालाचा हिशोब कसा लावणार?

प्रयोगशाळेतली

धामकाठी दादा, ते उदाहरण मलाही प्रिय आहे. पण ते पूर्ण सांगा.

त्या मालिशनं एका माणसाला माणसासारखं जगता आलं. रोग मात्र औषधानं हटला. १९८० च्या दशकात डॅप्सोन, रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन ही औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि आज ६ किंवा १२ महिन्यांत महारोग बरा होतो. वर्ध्यानं तो फरक डोळ्यांनी पाहिला आहे. ही औषधं शोधणाऱ्यांनी "सेवा करत राहू, जंतू मरो न मरो" म्हटलं असतं तर? कोणीतरी निकालाच्या मागे हट्टानं लागलं होतं म्हणून आज कोणाला गावाबाहेर झोपडी बांधावी लागत नाही.

सिकलसेलचंही तेच. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय अभियान सुरू झालं, ४० वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट ठेवून. मी रोज सोल्युबिलिटीच्या, म्हणजे पहिल्या चाळणीच्या, टेस्ट लावते, पॉझिटिव्ह निघाला की पॅटर्न पक्का करायला इलेक्ट्रोफोरेसिसच्या तपासणीला पाठवते. मला माझं काम आवडतं, पण आवडतं म्हणून मी ते करत नाही. लग्न ठरण्याआधी दोन वाहकांना एकमेकांचा पॅटर्न कळावा म्हणून करते. वहीवाली ताईला तिच्या लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या पोरीला सांगितलं गेलं की नाही, हा माझा निकाल, आणि मी तो मोजणार.

धामकाठी

मान्य. गोळी घरोघर पोचवणारे, सहा-सहा महिने रोज कोणी घेतली आणि कोणी नाही हे पाहणारे, त्यांच्या पायपिटीचं मोल मात्र त्यात धरा. शोध एकदा लागतो. गोळी रोज द्यावी लागते.

सोळाशे_मीटर

विनोबांचं वाचलं. धामकाठी दादा, माह्यं निम्मं लक्ष फळात होतं म्हणून दोन मार्क गेले असं म्हणता का? नसाल म्हणत, पण मले तसंच ऐकू आलं. पूर्ण लक्ष देऊन पळणारे हजार असतात अन जागा चाळीस. नेटकं काम करून जागा वाढत नाही. हे लेकराले शिकवताना कोणी सांगत नाही.

मले ताईले एक विचारायचं आहे. तुमच्या पोराले ६१ भेटले. तुम्ही नाही विचारलं. त्यानं विचारलं का स्वतःले? आमच्या घरी कोणी बोललं नाही तरी म्या रोज रातच्याले मार्क मोजत होतो. आई-बापानं विचारणं सोडलं म्हणून पोराच्या मनातून जात नाही ते.

वहीवाली

दादा, तुमच्या प्रश्नानं काल रात्री झोप लागली नाही, म्हणून आज उत्तर देतेय.

मी त्याला विचारलं. म्हणाला, "मला ७५ पाहिजे होते. मी सांगितलं नाही, कारण तू म्हणते टक्क्यांचं काही नाही. मग मला वाईट वाटलं हे कोणाला सांगू?"

हे मला दिसलं नव्हतं. नऊ वह्यांत नाही. मी समजत होते की मी त्याच्यावरचं ओझं काढलं. त्याची इच्छाच मी त्याच्याजवळ एकटी सोडून दिली होती. आमच्या घरात दुखणं सांगायला जागा होती, हरणं सांगायला नव्हती. आम्ही दोघं मागच्या ओट्यावर बसलो आणि १४ टक्क्यांचं वाईट वाटून घेतलं, नीट. गणितात परीक्षेच्या आदल्या रात्री पाय दुखत होते, तरी गेला होता, शेवटचे दोन प्रश्न राहिले. तासामागची २० मिनिटं असती तर ते झाले असते, हेही त्यानंच म्हटलं. मी प्रयोगशाळेतल्या ताईंचं त्याला वाचून दाखवलं होतं.

तुमच्या दोन मार्कांबद्दल मी काही गोड बोलणार नाही. ते गेले आणि ते तुमचे होते. पावसात पळालेली सहा वर्षं वाया गेली असं मात्र मला म्हणवत नाही. तुम्हाला म्हणावंसं वाटलं तर तो तुमचा हक्क आहे.

गुरुजी, छापण्याचं. त्याला विचारून ठरवेन. त्या वह्यांत संडासाची गोष्ट आहे, ती आधी त्याची आहे.

पांढरं_सोनं

ताई, शाळेच्या संडासाले कडी बसली का?

वहीवाली

नाही दादा. पालक सभेत दोनदा बोलले. अजून नाही.

पांढरं_सोनं

मंग हा निकाल सोडू नका. कडी-कोयंडा काही लय महाग नाही, पण तुम्ही गुपचूप लावून देऊ नका. अर्ज द्या लिहून, शाळा व्यवस्थापन समितीच्या नावानं, अन पोचपावती घ्या. तुमचं लेकरू काकूकडे जाते. बाकीच्या पोरायले काकू नाही.

प्रयोगशाळेतली

अर्जात बाटलीचं वाक्य घाला. आणि दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर आता ऑनलाइन भरता येतो. आधार, फोटो आणि तुमच्याकडचे सिकलसेलचे रिपोर्ट लागतील. अकरावीच्या आधी करा. बारावीला तरी वेळ मिळेल त्याला. मतभेद तसेच आहेत बरं का, तुमची वही मी अजूनही मोजणीच मानते.

वहीवाली

अर्ज दोन्ही लिहायला घेतले. शाळेचा तो स्वतः लिहितो म्हणाला. सोमवारी सीबीसी आहे, सातच्या एसटीनं निघू, जिल्ह्याचं कामही त्याच फेरीत. नवव्या वहीची दोनच पानं उरली आहेत. येताना दहावी आणायची आहे, आणि या वेळी त्याला त्याची वेगळी एक पाहिजे म्हणतो.